एकशे आठ नंबरची खोली

राहुरीजवळच्या एका दूध प्लँटवर फोन ऑपरेटर असलेल्या ताईंमुळे माझी नोकरी टिकली. हे आधी सांगतो, कारण पुढच्या सगळ्यात माझीच लाज आहे.

मी गडचिरोलीकडचा, नववीत शाळा सोडलेला. अहिल्यानगरच्या एका दुकानातर्फे इंटरनेटवर चालणारे फोन बसवतो. आलेला फोन मशीननं कसा उचलायचा, कोणता नंबर दाबला की तो कुठे वाजवायचा, याचे नियम कॉम्प्युटरमध्ये लिहायचे, हे माझं काम. एक आकडा चुकला तर दुकानातून काढतील, ही धास्ती रोज सोबत असते.

प्लँटच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी ताईंच्या देखत सांगितलं, "आठ दिवस मशीन नीट चाललं की ऑपरेटरची गरज नाही." ताई वीस वर्षं त्या खुर्चीवर होत्या. फोन उचलला की आवाजावरून गाव ओळखायच्या. "पुणतांब्याचे ना? निघाली तुमची गाडी, अर्ध्या तासात येती."

तरी जेवायच्या सुट्टीत त्यांनीच मला हाक मारली. "ये भाऊ, भाकर खा. माझ्या पोटावर पाय द्यायचाय, तर उपाशी कशाला देतोस?" त्या हसल्या. मी त्यांच्या डब्यातली भाकर घेतली.

मी खोल्यांना ओळीनं नंबर दिले. एकशे एक साहेबांची केबिन, मग लॅब, ऑफिस असं करत पावडरचं गोदाम एकशे आठ. आणि नियम लिहिला, एकपासून सुरू होणारा तीन आकडी नंबर बाहेर सोडायचा नाही, आतच वाजवायचा. एकशे आठ म्हणजे अँब्युलन्स, हे डोक्यातच आलं नाही. आमच्या गावाला रेंज नव्हती. माणूस आजारी पडला की बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यायचा, एवढंच मी पाहिलेलं.

सहाव्या दिवशी कॅन धुणारा एक कामगार पाय घसरून पडला, डोकं फुटलं. वॉचमननं गेटवरच्या फोनवरून एकशे आठ दाबला. कुलूपबंद गोदामात घंटी वाजत राहिली. मला ती ऐकू येत होती, पण का वाजतेय ते कळत नव्हतं. ताईंना कळलं. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून गाडी बोलावली.

माणूस वाचला, सहा-सात टाके पडले. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "आपल्या फोनवरून लगेच लागला ना?"

वॉचमन तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "लागला की. गाडी आली न्हाई का?"

त्या एका प्रश्नाला खरं उत्तर दिलं असतं, तर त्यांची खुर्ची राहिली असती. मागाहून मला म्हणाल्या, "गोदामाचा नंबर आधी बदल. साहेबाचाबी. एकशे एक आगीचा हाय. आग लागली तर लोकं साहेबाला फोन लावत्याल, त्यो काय इझवनार हाय?"

"ताई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगून काय हुतंय? दुसरा कुनी येऊन बसवंल मशीन. तुझी नोकरी मातर जाईल. लई लांबून आलायस तू."

मी सगळ्या खोल्या दोनशेच्या पुढे नेल्या आणि मदतीचे नंबर बाहेर मोकळे केले. पुढचे दोन दिवस, जन्मात पहिल्यांदा, माझं काम बिघडावं असं वाटत होतं. ते बिघडलं नाही.

शनिवारी ताईंनी रिसीव्हर पदरानं पुसला, डबा पिशवीत टाकला आणि गेल्या. अजून त्यांना कुठे काम मिळालेलं नाही. फोन केला की "बरं हाय" म्हणतात आणि माझ्याच जेवणाचं विचारतात.

देखभालीला प्लँटवर जातो तेव्हा कॉम्प्युटरमधल्या नोंदी बघतो. फोन आला, मशीननं एक दाबा, दोन दाबा सांगितलं, समोरच्यानं काहीच दाबलं नाही, ठेवून दिला. अशा नोंदी रोज असतात. नियम बरोबर आहेत, त्यामुळे दुरुस्त करायला काही नाही.

कुणाला काम देण्याइतकी माझी ऐपत नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. तरी लिहून ठेवतो. कधी माझं स्वतःचं दुकान झालं, टपरीएवढं का असेना, तर तिथला फोन मशीन उचलणार नाही. त्या खुर्चीवर ताईंना बसवीन. तोवर त्यांचं वय किती झालेलं असेल, ठाऊक नाही. पण बसवीन.