तेरा नंबरच्या तारा

"कोणत्या नालायकानं लावल्या ह्या तारा?" मी काउंटरवरूनच ओरडले.

समोर गिटार पडली होती. तिचा ब्रिज, म्हणजे पोटावर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी, मुळापासून उखडला होता. सोबत पोटाचा प्लायही सोलून आला होता. मागे करुणा उभी. डाव्या डोळ्याखाली पट्टी, तीन टाके. सूर लावता लावता ब्रिज उडाला आणि तार तोंडावर बसली.

"डोळा वाचला वं," सुखदेवकाका म्हणाले. हे तिचे वडील. कळमन्याच्या धान्यबाजारात हमाली करतात, आणि वस्तीतली गाण्याची पार्टीही तेच चालवतात. "पण आता पोरगी गिटारले हातच लावून नाही राहिली. रविवारी प्रोग्राम आहे."

मी सीताबर्डीतल्या एका दुकानात गिटार दुरुस्त करते. सगळ्यात बारीक तार मोजली. तेरा! तारेच्या जाडीला गेज म्हणतात. ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात आणि सेटला सगळ्यात बारीक तारेचा नंबर देतात. दहाचा सेट मऊ, तेराचा जाड. जाड तार मोठ्यानं वाजते, पण बोटांनी दाबायला जड, आणि गिटारला ओढतेही जास्त. अशा पातळ पोटाच्या गिटारला दहा, फार तर अकरा.

मग माझं भाषण सुरू झालं. गिऱ्हाईक वस्तीतलं दिसलं की पडून राहिलेला माल त्याच्या गळ्यात मारायचा, ही या दुकानदारांची रीतच. "काका, दुकानाचं नाव सांगा. मी येते तुमच्यासोबत. सोडायचं नाही त्यांना."

काकांनी करुणाकडे पाहिलं. करुणाच म्हणाली, "आतमध्ये पाहा ना, ताई."

आमच्याकडे तारा बदलल्या की गेज आणि सही लिहिलेली चिठ्ठी गिटारच्या पोटात चिकटवतात. ही पद्धत मीच सुरू केली. जबाबदारी कोणाची ते कळलं पाहिजे, म्हणून. मी टॉर्च लावून आरसा आत घातला.

तेरा. खाली सही. आरशात अक्षरं उलटी दिसतात, तरी स्वतःची सही ओळखू येतेच.

"मंग?" काका म्हणाले. "येतं ना आमच्यासोबत? दुकान हेच आहे."

आता आठवलं. मागच्या वर्षी काका एकटेच आले होते. "माइक नसते आमच्याकडे. ढोलकीपुढं गिटार ऐकूच येत नाही. मागच्या बायाईले ऐकू गेली पाहिजे." माझं रक्त उसळलं होतं. मीही अशाच वस्तीत, असल्याच गाण्यांवर लहानाची मोठी झाले. दुकानातला सगळ्यात जाड सेट काढला आणि छाती फुगवून लावला. पोट ठोकूनही पाहिलं नाही.

मालक जवळ सरकले. हळूच म्हणाले, "सांग, प्लाय कच्चा होता. खोटं थोडीच आहे?"

खोटं नव्हतंच. त्याचीच भीती वाटली.

"काका, चूक माझी. ही गिटार इतकी ओढ सहन करूच शकत नव्हती."

"किती ओढते वं?"

"सहाही तारा मिळून ऐंशी किलोच्या आसपास."

काकांनी उखडलेल्या प्लायवरून हात फिरवला. "दीड पोतं. मी पाठीवर एक घेतो अन् खाली ठेवतो. हिच्यावरचं तं तू उतरवलंच नाही."

करुणानं डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या होत्या. "मले वाटे, मलेच जमत नाही. बाबा म्हणत, सराव कर. वर्षभर केला, ताई. वाजवते कोण, हे तुम्ही इचारलंच नाही."



पोटाला ठिगळ लावून ब्रिज चिकटवला, पण तो रविवारपर्यंत वाळणार नव्हता. माझ्या स्वतःच्या गिटारला दहाचा सेट चढवला आणि ती करुणाच्या हातात दिली. तिनं आधी तोंड तारांपासून दूर नेलं. मग हळूच एक कॉर्ड धरली. सहाही तारा स्वच्छ वाजल्या. ती बोटांकडे बघतच राहिली.

"पण ढोलकीपुढं?" काकांनी विचारलं.

"ढोलकीवाल्या मामाले मागं बसवा न बाबा," करुणा म्हणाली. "कधीचे पुढं बसून राहिले ते."

रविवारी मामा कुरकुरत दहा हात मागे सरकले. गिटार मागच्या बायांपर्यंत गेली.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, वाजवणार कोण? मग बोटं पाहते, मग पोट ठोकते. ऐकणाऱ्यांचा विचार सगळ्यात शेवटी. करुणाच्या गिटारमधली जुनी चिठ्ठी मी काढली नाही. दहाची चिठ्ठी तिच्या शेजारी चिकटवली, सहीसकट.