सुजयचे चौतीस ठोके

हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, उद्यावर टाकलं तर माझी हिंमत जाईल, म्हणून भराभरा टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या. माझा शाळेपासूनचा मित्र सुजय जाऊन सहा आठवडे झाले. सायकल रेसर होता, तेवीस वर्षांचा. आणि त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीकडे त्याच्याबद्दल एक खोटा कागद जमा झालाय, त्यावर माझी सही आहे. आधी तो गुरुवार सांगते. सकाळी ऑफिसच्या बसची वाट बघत उभी होते आणि त्याच्या बाबांचा फोन आला. दत्ताकाका कधी स्वतःहून फोन करत नाहीत, केलाच तर "हां, बोल" म्हणतात, जणू फोन आपणच लावलाय! त्या दिवशी म्हणाले, "केतकी, सुजय उठत नाहीये." मी म्हटलं, "झोपू द्या ना काका, काल दीडशे किलोमीटर मारलेत त्याने." काका हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर येऊन गेले गं."

कसबा पेठेत काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेर यायचं एवढंच. दारावर पाटी, "हवा मिळेल. सल्ला मिळणार नाही." आठवीत असताना सुजय तिथल्याच जुन्या सुट्या भागांतून जोडलेल्या सायकलवर शाळेत यायचा आणि कात्रजच्या चढाला मला मागे टाकून वर जाऊन थांबायचा. मी धापा टाकत पोचले की म्हणायचा, "केतक्या, तुझी चेन तेल मागतेय आणि तू सिंपथी मागतेस!" त्याला शर्यतीत हरवणं जमणारच नव्हतं, म्हणून मी त्याची बाजू धरली. पुढे त्याला प्रोफेशनल टीमने घेतलं, पगारावर, म्हणजे खराखुरा प्रो, आख्ख्या पेठेत त्याने स्वतः पेढे वाटले. मी शनिवार-रविवार टीमच्या गाडीत असायचे, बाटल्या भरायच्या, नावाची पट्टी लावायची, आणि शर्यत चालू असताना रस्त्याच्या कडेला उभं राहून धावत्या सायकलवर ज्याची बाटली त्याच्या हातात द्यायची. बाटलीत काय आहे ते विचारायचं नाही. असा नियम कुणी केला नव्हता, पण होता.

दुसरा नियम सकाळचा. उठल्या उठल्या, अंथरुणातच, मानेवर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची आणि आकडा टीमच्या ग्रुपवर टाकायचा. आकडा जितका कमी तितकं हृदय दमदार, असं आमचं गणित. कुणी ५२ टाकला की सर, म्हणजे टीमचे कोच, लिहायचे, "आजोबा, उठा." कुणी ४० टाकला की टाळ्यांचा पाऊस. नाडी मोजत नसे तरी मीही त्या ग्रुपवर होते, आणि टाळ्यांत सगळ्यात पुढे.

मागच्या वर्षी सुजय सारखा चौथा-पाचवा यायला लागला. सर म्हणाले, "शरीराला थोडी मदत लागते." तेव्हापासून स्वारगेटला बसने एक थर्माकोलचा छोटा डबा यायला लागला. सरांचा मेसेज यायचा, "पार्सल घे." मी स्कूटरवर जाऊन घ्यायचे. थंडच ठेवावा लागायचा आणि सुजयच्या घरी ठेवणं शक्य नव्हतं, "बाबांना दिसलं तर मलाच हुकला उलटा टांगतील," असं तो म्हणायचा, म्हणून डबा आमच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे. आईने विचारलं तर मी म्हटलं, आयर्नची इंजेक्शनं आहेत. आयर्न बसमधून चोरून येत नाही, हे कळण्याइतकी मी शहाणी होते हो! पण सुजय परत पहिला यायला लागला ना... आणि त्याने पहिलं मेडल माझ्या गळ्यात घातलं होतं.

शेवटच्या आठवड्यात डबा घ्यायला घरी आला तेव्हा जिन्यातच बसला. म्हणाला, "दुधावर साय धरते ना, तसं आतून काहीतरी घट्ट होतंय यार." मी म्हटलं, "पाणी पी, ट्रेनिंग जास्त झालंय." बास. एवढंच म्हटलं मी. बुधवारी सकाळी ग्रुपवर त्याचा आकडा आला, ३४. टीममध्ये इतका कमी कुणाचाच कधी आला नव्हता. सगळे वेडे झाले. मी आगीचे सहा इमोजी टाकले. सहा! गुरुवारी आकडा आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाने, म्हणजे त्या डब्यातल्या इंजेक्शनांनी, रक्त घट्ट झालं होतं आणि हृदय ते ढकलता ढकलता थकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या त्या थकलेल्या हृदयाला.

तेराव्याच्या आधीच सरांनी टीमला बोलावलं. कागद तयार होता. त्यात लिहिलं होतं, सुजयने जे घेतलं ते स्वतःच्या मर्जीने, टीमला कल्पना नव्हती. एकेकाने सही केली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सर, हे खरं नाहीये." सर अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, तुझ्या फ्रीजचं मी कुठे काय लिहिलंय?"

मी सही केली.

आता जो तो हात वर करतोय. सर म्हणतात, मी जबरदस्ती केली का? टीमला पैसे देणारे म्हणतात, आम्ही फक्त जर्सीवर नाव दिलं. औषध पाठवणारा माणूस कोण, हे कुणालाच आठवत नाही. मग उरतो कोण? जो उत्तर द्यायला येऊ शकत नाही तो. घेतलं सुजयनेच, त्याला कळत होतं, मी त्याला देव करत नाहीये. पण एकटा सुजय? तो डबा काय स्वतःच्या पायांनी चालत आला कसब्यात?

मागच्या रविवारी काकांकडे गेले. ते चाक फिरवून त्याचा आउट, म्हणजे चाकाला आलेला बाक, काढत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, स्वारगेट, लोणच्याची बरणी, सही. चाक फिरतच होतं. म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं."

"थोडंसं, काका."

"चाकात आउट थोडासाच असतो. ब्रेकला लागतोच तो." मग पान्याने एक तार आवळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याकडे रडून काय होणारे? सही जिथे केलीस तिथे जा. आणि ऐक... मलाही दिसत होतं. जिना चढताना थांबायचा पोरगा. मी विचारलं नाही. सल्ला देत नाही ना मी!" त्यांनी दाराकडे पाहिलं. पाटी नव्हती तिथे, नुसते दोन खिळे होते.

आज सकाळी मी समितीला पत्र दिलं. माझी सही मी मागे घेतेय, डबे मी आणायचे, सरांच्या सांगण्यावरून आणायचे, मेसेज सगळे जोडलेत. फ्रीजमध्ये उरलेला शेवटचा डबाही दिला. माझं काय व्हायचं ते होईल, पोलीस विचारतील, आई अजून बोलत नाहीये माझ्याशी. सुजय परत येत नाही यातलं काही करून, हे दिवसातून शंभर वेळा कळतं आणि दर वेळी नव्याने कळतं.

ग्रुपमधून मला दुपारीच काढलं. त्याआधी पाहिलं, तिथे अजून रोज आकडे येतायत, टाळ्या पडतायत. माझ्या फोनमध्ये सुजयने गंमत म्हणून लावलेला अलार्म आहे, पावणेसहाचा, नाव "नाडी, केतक्या!" तो मी बंद केलेला नाही. वाजला की मानेवर दोन बोटं ठेवते आणि मोजते. आज अठ्ठ्याऐंशी. सांगायला कुणी नाही... म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या जवळच्या कुणी कधी नुसता एक आकडा पाठवला, मार्कांचा, वजनाचा, वेळेचा, कशाचाही, आणि तुम्ही टाळ्या वाजवून मोकळे झालात, असं झालंय का हो तुमच्या बाबतीत? की तुम्ही विचारलं होतंत, "बरा आहेस ना?"