शेवंताबाईंच्या नाकातल्या शिवल्या

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर भिंतीवरचा आरसा, मोबाइलची बॅटरी आणि शेवंताबाईंचं आढ्याकडे उंचावलेलं नाक, एवढंच दिसतं. नाकात उजेड पाडून बाई आत बघताहेत. स्थळ: पावणे गाव, त्यांच्याच इमारतीचा तळमजला. दुसऱ्या मजल्यावर मी त्यांची भाडेकरू.

शेवंताबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, त्यांना तोंडपाठ. गावातल्या निम्म्या पोरी त्यांनी गाऊन सासरी धाडल्या. मीही आयुष्यभर नाटकांत गायले, पण पेटीच्या आधाराने. ही बाई नुसत्या श्वासावर गायची.

आता नात उन्नतीचं लग्न बारा दिवसांवर आलेलं, आणि यांचं नाक महिनाभर बंद. ‘मांडव’ म्हणायला जावं तर ‘बांडव’ निघे.

“बाई, बघा, लाल गोळा हाय आत. आमचा धनेश म्हनतो हाड वाढलंय, कापावं लागंल. कापल्यावर गळा राहील का माझा?”

धनेश हा त्यांचा मुलगा. माणूस मायाळू, पण घाबरवण्यात पटाईत. मी सरळ रिक्षा बोलावली आणि वाशीला नाकाच्या डॉक्टर सुनीती यांच्याकडे त्यांना नेलं.

डॉक्टरांनी नाकात बारीक कॅमेरा घातला. शेवंताबाईंनी डोळे गच्च मिटले.

“आजी, हाडबीड काही वाढलेलं नाही. नाकाच्या दोन्ही भिंतींवर अशी तीन-तीन हाडं असतातच. पातळ, शिंपल्यासारखी वळलेली, वरून मऊ अस्तर. श्वासाची हवा ती गरम आणि ओलसर करतात. तुम्ही पाहिलात तो सगळ्यात खालच्या हाडाचा पुढचा भाग. धुळीनं अस्तर सुजलंय, इतकंच.”

“शिंपले? म्हंजे माझ्या नाकात शिवल्या?”

“सगळ्यांच्याच नाकात.”

बाईंना काही पटेना. मग मी पुढे झाले आणि माझं नाक दिलं. इतक्या भूमिका केल्या, पण मला इतक्या आतून कुणी पाहिलं नव्हतं! कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझाही तसाच गुलाबी गोळा उगवला. शेवंताबाई पडद्याला डोळे लावून बघू लागल्या.

“अगो बाय, भाडेकरनीची शिवली माझ्याहून मोठी!”

डॉक्टरांना हसू आवरेना. मग शेवंताबाईंनी हळूच विचारलं, “आनि गळा?”

“गळ्याला काही झालेलं नाही. कापायचंही काही नाही. हा फवारा रोज नाकात मारा, झाडताना तोंडाला फडकं बांधा. लग्नापर्यंत नाक बरंच मोकळं होईल. खुशाल गा.”

बाईंनी छातीत अडकलेला मोठा श्वास तोंडानेच सोडला. मग उठल्या, पदर सारखा केला आणि दारापाशी जाऊन वळल्या. अशी एक्झिट घ्यायला मला वीस वर्षं लागली होती.

“हळदीला या, डॉक्टरीनबाई,” त्या म्हणाल्या, “जेवाया नाय, ऐकाया.”