तीन भोकांचं मडकं
तैलरंगात मिसळायच्या जवसाच्या तेलाचा वास आला की शहरातल्या मस्तगड भागातली माझी भाड्याची खोली आठवते. तेव्हा मी चित्रकला शिकत होतो आणि अतिवास्तववादी चित्रांनी पुरता झपाटलो होतो. वडील जाफराबादहून एसटीनं आले, तेव्हा नुकतंच संपवलेलं चित्र मी त्यांना ऐटीत दाखवलं. खांद्यावर घोंगडं घेतलेला माणूस, डोक्याच्या जागी मडकं, मडक्याला तीन भोकं आणि त्यांतून सांडणारं निळं आभाळ. "मडकं म्हंजे देह, दादा. ते फुटलं तरी आतलं आकाश फुटत न्हाई, बाहेरच्यात मिसळतं," मी वेदान्त झाडला. मेंढरांमागे जन्म घालवलेले वडील चित्राच्या जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "घोंगडं तर माझं हाय. अन् तीन भोकांचं मडकं कव्हा लागतं, ठाऊक न्हाई का तुला?" तेव्हा कुठं मला आठवलं. चितेभोवती तीन फेरे, फेऱ्यागणिक एक भोक. आजोबांच्या वेळी ते मडकं वडिलांच्या ह्याच खांद्यावर होतं. मी माझ्या हातानं बापाचं मरण रंगवून बसलो होतो. रंग खरवडायला चाकू उचलला, तर त्यांनी मनगट धरलं. त्यांनी आभाळाला बोट लावलं. बोट निळं झालं. "वलं हाय अजून," ते कसंनुसं हसले, "वाळंस्तोर मला काय होत न्हाई." आता मी शाळेत शिकवतो, आकाश कधी फुटत नाही हे पोरांना समजावून सांगतो. वडील थकलेत, पण आहेत. आणि दर रविवारी दार लावून मी त्या आभाळावर ताज्या रंगाचा हात देतो.