टाकव्याच्या पुढे: नऊ गोठे आणि एक ओढा

लोणावळ्याला शनिवार-रविवारी जाऊ नये, हे पुणेकराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली. बेत साधा होता. एक मुक्काम टाकवे बुद्रुकच्या पुढच्या एका वाडीत, सुनंदाताईकडे, आणि दुसऱ्या दिवशी निवांत लोणावळा. सुनंदाताई बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. नवरा गेल्यावर तिनं नोकरी सोडली आणि सासरचा गोठा हातात घेतला. आता तिच्या अकरा गाई आहेत. "ये गं" म्हणून दोन वर्षं मागे लागली होती, पण बुधवारी फोन केला तर म्हणाली, "ये तू. फक्त शुक्रवारी आमचा नमुना आहे, तेव्हा माझं लक्ष नसेल." कसला नमुना, हे विचारायच्या आत फोन ठेवून मोकळी.

स्कूटरवर जुन्या हायवेनं देहूरोड, तळेगाव, वडगाव करत कान्हे फाट्याला दीड तासात पोचले. पेट्रोल वडगावलाच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. फाट्यावरची भजी गरम मिळाली, चहा मात्र फार गोड. उजवीकडे वळून रेल्वे फाटकाशी दहा मिनिटं जातातच. मग कारखाने, इंद्रायणीवरचा पूल, टाकवे. टाकव्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो आणि खड्डे सुरू होतात. भात कापून झालेलं होतं, बांधाबांधावर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. हिवाळ्यातलं मावळ पावसाळ्यापेक्षा मला जास्त आवडतं, कारण गर्दी नसते आणि डोंगर पूर्ण दिसतात.

वाडीत पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ताई घरात नव्हती. घरामागे ओढ्याच्या काठी सात-आठ माणसं खाली बघत उभी होती, त्यांत ताईही होती.

तिथं उभ्या उभ्या जे कळलं ते असं. वाडीत नऊ गोठे. वर्षानुवर्षं गोठे धुतलेलं पाणी ओढ्यात जायचं आणि ओढा नदीला मिळायचा. सहा महिन्यांपूर्वी प्रदूषण खात्याची नोटीस आली की पाणी स्वच्छ करून सोडा, नाहीतर गोठे बंद करा. एकेकट्याला ते झेपणारं नव्हतं, म्हणून नऊ घरांनी मिळून काम काढलं. सगळ्यांचं पाणी एका नालीत आणलं, तीन टाक्या बांधल्या. टाक्यांत गाळ बसतो, वरचं पाणी खडीच्या लांब वाफ्यात उतरतं. त्या वाफ्यात कर्दळ लावली आहे. कर्दळीच्या मुळांतून निथळून मगच ते ओढ्यात जातं. तोंड एकच, म्हणून तपासायला न्यायचा पाण्याचा नमुनाही एकच. एकाचं बिघडलं की नऊही नापास. शुक्रवारी सकाळी दहाला अधिकारी येणार होते, आणि गुरुवारी दुपारी दोनला त्या तोंडातून हिरवट, वास मारणारं पाणी येत होतं.

"आबा, तुमी पुन्हा शेण ढकललं का नालीत?" एकानं विचारलं.

दत्तूआबा सत्तरीचे, अंगात बंडी, हातात काठी. दोनदा त्यांनी शेण नालीत धुतलं होतं आणि दोन्ही वेळा सुनंदाताईनं त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं.

"न्हाई म्हंतो ना! कितींदा सांगू?" आबांनी काठी आपटली. "जाऊन बघा की माज्या गोठ्यात."

"भांडून कळणार नाही," रमेश म्हणाला. रमेश कांबळे टाकव्याच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर काम करतो. टाक्या आणि वाफा त्यानंच आखून दिले होते. त्याचं घर वाडीत सगळ्यात खाली आहे आणि त्याच्या घरची विहीर ओढ्यापासून वीस पावलांवर. त्यानं काचेच्या बाटल्या आणल्या आणि आम्ही सगळे नालीच्या कडेनं वर निघालो. आबांच्या गोठ्याशी एक बाटली भरली, पहिल्या टाकीशी दुसरी, तिसऱ्या टाकीच्या शेवटी तिसरी. ती उन्हात धरली, तर पाणी बऱ्यापैकी नितळ.

"बगा आता," आबा म्हणाले. "माजं न्हाई."

म्हणजे घाण टाक्यांनंतर कुठून तरी येत होती. रमेश वाफ्याच्या कडेला वाकला. तिथली माती ओली होती. ओल वर चढत चढत एका भिंतीशी थांबली. भिंत सुनंदाताईच्या गोठ्याची होती.

चारा आणणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक तिच्या नालीवरून गेलं होतं. आतला पाइप फुटून शेणपाणी टाक्या चुकवून थेट वाफ्यात उतरत होतं. पदर तोंडाशी धरून ताई त्या फुटक्या पाइपकडे बघत राहिली.

मघाशी आबांवर घसरलेला माणूस हळूच म्हणाला, "ताई, काळजी नका करू. सकाळी विहिरीची मोटर लावू, वाफ्यात चांगलं पाणी सोडू. बाटलीत कोणाला काय कळतंय?"

दोघांनी माना डोलावल्या. खरं सांगते, मलाही क्षणभर ते पटलं.

रमेश शांतपणे म्हणाला, "उद्या पास व्हाल. परवा ते पाणी माझी आई पिणार."

ताईनं पदर खोचला. "मोटर लावायची नाही. पाइप आत्ता काढू. आणि उद्या साहेबांना मी सांगेन, चूक माझ्या गोठ्याची आहे."

"नापास केलं तर? डेरीवाले दूध घेणार न्हाईत कुणाचंच," मागून एकजण म्हणाला.

"तर मी काय तोंड दाखवू तुम्हाला, तेच कळत नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "पण मोटर नाही."

पाइप दुरुस्त होईपर्यंत तिच्या गोठ्यात पाण्याचा थेंब पडून चालणार नव्हता. अकरा गाई न्यायच्या कुठं? कुणी हलेना. मग दत्तूआबा पुढे झाले, त्यांनी दोन गाईंची दावी सोडली आणि निघाले.

"आबा..." ताई म्हणाली.

"माज्याकडं जागा हाय. तू पाइप बग."

त्यानंतर सगळेच हलले. दिवस मावळेपर्यंत कुदळी चालल्या. मी पाट्या उचलल्या, हाताला फोड आले. बदलीचा पाइप टाकव्याच्या दुकानात मिळाला. शेणानं भरलेली खडी उपसून ओढ्यावर धुता येत नव्हती, म्हणून ती शेतात नेऊन टाकली आणि नवी भरली. संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि पिठलं पुढ्यात आलं, पण ताईनं ताटाला हात लावला नाही.

सकाळी दहाला अधिकारी आल्या, तिशीच्या बाई, बरोबर नमुन्याची बाटली ठेवायला बर्फाचा डबा. पाणी कालच्यापेक्षा बरंच सुधारलं होतं, पण नितळ नव्हतं. त्यांनी बाटली उघडायच्या आत ताई पुढे गेली आणि सगळं सांगितलं. नऊही घरांची माणसं तिच्या मागे उभी होती.

बाईंनी ऐकून घेतलं. "मला जे पाणी आहे तेच न्यावं लागेल."

"व्हय, न्या," आबाच म्हणाले.

बाईंनी फुटका पाइप पाहिला, फोटो काढले, जबाब लिहून घेतला, नमुना सील केला आणि गेल्या.

मी ठरल्याप्रमाणे लोणावळ्याला गेले. दरीच्या कडेला उभी राहिले. हवा स्वच्छ होती, खाली कोकणापर्यंत दिसत होतं. मी मात्र दर पाच मिनिटांनी फोन बघत होते, जणू निकाल दुपारीच लागणार होता. परतीला कामशेतला थांबून इंद्रायणी तांदूळ घेतला. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला, चिकट होतो.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर एकच विनंती. ओढा दिसला म्हणून गाडी धुवायला उतरू नका.

दहा दिवसांनी ताईचा फोन आला. नमुना नापास. पण जबाब आणि फोटो पाहून खात्यानं महिन्याची मुदत दिली होती, आणि तोपर्यंत डेरी दूध घेणार होती. महिनाभर मी विचारायचं टाळलं. मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला. दुसरा नमुना पास झाला होता.

"मग काय, वाडीत जल्लोष असेल," मी म्हटलं.

"छे गं. नापास झालो त्या संध्याकाळी नऊही घरं माझ्या अंगणात जेवायला होती. आबांनी मला शेजारी बसवून जेवायला लावलं. आज पास झालोय, तर कुणी फिरकलं नाही." ती हसत होती. "धारांची वेळ आहे ना. ठेवते आता."