कुरडया आणि वावटळ

चैत्रात आमची गच्ची अशी तापते, की कावळाही तिच्यावर एका पायाने नाचतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी चहूकडची हवा धावत येते, हे शाळेत शिकलो होतो. परवा ती खरोखरच धावून आली. कुरडया घातलेलं लुगडं वावटळीने शिडासारखं फुगवलं आणि त्याचं टोक धरलेली वहिनी बिनकठड्याच्या कडेकडे ओढली गेली.

"वहिनी, सोडा ते!"

"हात मोडेस्तोवर चीक घोटलाय, भावजी!"

मी तिचे पाय घट्ट धरले. लुगडं सुटलं, कुरडया तालुक्याबाहेर पडल्या असतील.

तेव्हापासून भर दुपारी पानही हलेनासं झालं, की मला धडकी भरते. हवा कुठेतरी गुपचूप तापत असणार.