इंग्रजी सुटायची वेळ

संध्याकाळी सहा वाजले की मामा चिमट्यानं तांब्यावर दोन टोले मारायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. दोन टोले म्हणजे गाडी सुटली. आमच्याकडं तेव्हा इंग्रजी सुटायची. सातला एक टोला पडेपर्यंत मराठी बंद.

मामा म्हणजे माझे घरमालक; साताऱ्यात मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत गप्प बसून एकदा नापास झालो होतो. वडूजहून वडिलांचा निरोप आला, "औंदा उडालास तर म्हशींकडं ये." मामांनी तो ऐकला आणि नियम काढला: एक मराठी शब्द, तर परसातल्या आडावरून एक कळशी पाणी.

मामांचं सगळं इंग्रजी गाडीत शिकलेलं. मला जेवायला बोलवायचं तर "मूव्ह इनसाइड!" भाकरी संपली की "नो सीट!"

मामींना नियम माफ होता. तुम्हीही अशा मामी पाहिल्या असतील. त्या मुद्दाम चुलीपासून विचारायच्या, "आवं, चष्मा डोक्यावरच हाय न्हवं?"

"व्हय व्हय," मामा म्हणायचे, आणि दोन कळश्या आणायला निघायचे. घरातलं पाण्याचं पिंप भरलं की मामी गप्प.

पुढच्या तोंडी परीक्षेत माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. सरांनी घरचं विचारलं. घाबरून तोंडातून "म्हशी" गेलं आणि मी सवयीनं उठून दाराकडं निघालो.

"व्हेअर आर यू गोइंग?"

"वॉटर, सर."

सर बघतच राहिले. मग मला आड, कळशी, मामा, मामींचं पिंप, सगळं इंग्रजीत सांगावं लागलं. व्याकरणाचं काय झालं ते विचारू नका, पण मी थांबलो नाही. सर हसून हसून डोळे पुसत म्हणाले, "पास. गो!"

पळतच घरी आलो. "मामा, पास झालो!"

साडेसहा वाजले होते. मामांनी परसाकडं बोट केलं. 'पास' इंग्रजीच, म्हणून दोन शब्द, दोन कळश्या.

मी दुसरी ओढत होतो, तेवढ्यात शेजारी आणखी एक कळशी टेकली. मामाच होते.

"तुम्ही काय बोललात?"

"तू गेल्यामागनं बोललो. लय भारी रं गड्या, म्हणलं."

"आता आणखी वाढल्या की, मामा."

"वाढू दे. तुझ्या बापाला आधी काय कळवायचं, सांग."

त्या संध्याकाळी सातपर्यंत मामा मराठीतच बोलत आणि कळश्या ओढत राहिले. शेवटी पिंप भरून वाहू लागलं, तेव्हा शेजारणींनी आपापल्या घागरी आणून आडापाशी रांगेत लावल्या.